मटार प्रक्रिया उद्योग : अनुदानापलीकडचे धोरणप्रश्न

जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा हा तालुका जबलपूरपासून कटनीच्या दिशेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. वाराणसीहून नागपूरकडे उतरणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ येथूनच जातो, आणि मुंबई-प्रयागराज लोहमार्गावरील सिहोरा रोड हे स्थानकही येथेच आहे. भात आणि गहू यांबरोबर हिरवा मटार हे या परिसराचे महत्त्वाचे नगदी पीक होय. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाने विकसित केलेले ‘जवाहर मटर’ मालिकेतील वाण देशभर परिचित आहेत, आणि हिवाळ्यात नागपूरच्या भाजीबाजारात जबलपूरचा मटार आवर्जून मागितला जातो. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या धोरणात जबलपूरसाठी हिरव्या मटाराचीच निवड झालेली आहे.

ही निवड झाल्यापासून मटार सोलून, गोठवून व पाकिटबंद करून विकण्याचा उद्योग सुरू करू इच्छिणाऱ्यांच्या चौकशीचा रोख बहुधा अनुदानाकडे असतो. यंत्रसामग्रीवर किती टक्के मिळतील, हा पहिला प्रश्न असतो आणि अनेकदा तोच शेवटचाही ठरतो. तथापि लहान उद्योगाचे भवितव्य त्याच्याकडे पैसा केव्हा येतो आणि केव्हा जातो यावर अधिक अवलंबून असते. यासंबंधीचे कायदे व नियम अस्तित्वात आहेत. परंतु त्यांचा लाभ उद्योजकाने आरंभी केलेल्या काही निवडींवर ठरतो. त्या निवडी कोणत्या, हे सिहोऱ्यातील मटाराच्या उदाहरणाने येथे स्पष्ट केले आहे. विदर्भातील संत्रा, मराठवाड्यातील डाळ किंवा कोकणातील आंबा यांवर प्रक्रिया करणाऱ्यांनाही हेच विवेचन लागू पडते.

अनुदान कशावर मिळते?

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजना २९ जून २०२० रोजी सुरू झाली. पाच वर्षांसाठी १०,००० कोटी रुपयांची तरतूद असलेल्या या योजनेला पुढे २०२५-२६ पर्यंत मुदत देण्यात आली. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये, असे कर्जाशी निगडित अनुदान यात आहे. उद्योजकाचा स्वतःचा वाटा किमान १० टक्के असावा लागतो. बचत गटांतील सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची सोयही आहे.

समजा, सोलणी यंत्र, ब्लांचिंगची टाकी, गोठवण यंत्रणा आणि लहान शीतकक्ष यांचा एकूण खर्च २० लाख रुपये झाला. त्यावर ७ लाख रुपये अनुदान मिळेल. हे साहाय्य मोठे आहे यात शंका नाही. परंतु ते प्रामुख्याने भांडवली खर्चावर मोजले जाते. यंत्र बसल्यानंतर त्यात घालावयाच्या मटारासाठी लागणारा पैसा हा वेगळा विषय आहे, आणि बहुतेक उद्योजकांची अडचण तेथेच सुरू होते.

हंगाम दोन-तीन महिन्यांचा, विक्री वर्षभराची

मटाराच्या दाण्यातील साखर तोडणीनंतर वेगाने घटून तिचे पिष्टमय पदार्थात रूपांतर होते. म्हणून शेंग शेतातून निघाल्यावर शक्य तितक्या लवकर प्रक्रिया करणे हितावह असते. वर्षभराचा कच्चा माल या थोड्या काळातच विकत घ्यावा लागतो. शेतकऱ्याला पैसे हातोहात हवे असतात, आणि ते रास्तही आहे. त्याला पुढील पिकाचे बियाणे, खत व मजुरी भागवायची असते. याउलट गोठवलेला मटार पुढील दहा महिन्यांत हळूहळू विकला जातो आणि मोठे खरेदीदार उधारीवर माल घेतात.

वरील उद्योगाचेच उदाहरण पुढे नेऊ. हंगामात ३० लाखांच्या शेंगा आणि वीज, मजुरी, पाकिटे यांचे १० लाख, असा ४० लाखांचा खर्च झाला आणि वार्षिक उलाढाल ६० लाखांची आहे, असे गृहीत धरू. यंत्रसामग्रीच्या दुप्पट रक्कम केवळ खेळत्या भांडवलात गुंतली, हे येथे लक्षात येईल.

लहान उद्योगांच्या खेळत्या भांडवलासाठी बँका सर्वसाधारणपणे नायक समितीची पद्धत वापरतात. या पद्धतीनुसार अपेक्षित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के इतकी कर्जमर्यादा मंजूर होते. आपल्या उदाहरणात ती १२ लाख रुपये होईल. वर्षभर सारख्या गतीने चालणाऱ्या उद्योगास हा हिशेब पुरतो. कच्चा माल दर महिन्याला येतो, विकला जातो आणि तोच पैसा वर्षातून अनेकदा फिरतो. मटाराचा पैसा मात्र वर्षातून जेमतेम एकदाच फिरतो. म्हणून १२ लाखांची मर्यादा आणि ४० लाखांची गरज यांतील दरी अनेकदा आडत्याकडून किंवा सावकाराकडून घेतलेल्या महागड्या पैशाने भरली जाते.

येथे धोरणातील एक मुद्दा उद्योजकाच्या बाजूचा आहे. २० टक्के ही किमान मर्यादा आहे, कमाल नव्हे. हंगामी उद्योगासाठी भर हंगामातील आणि बिगर हंगामातील अशा दोन वेगळ्या कर्जमर्यादा ठरवण्याची पद्धत बँकिंग व्यवहारात मान्य आहे. कर्जप्रस्तावात वार्षिक ताळेबंदाबरोबर महिन्यागणिक आवक-जावकेचा तक्ता जोडला, तर शाखाधिकाऱ्यास अशी मागणी तपासणे सोपे जाते. तारण कमी असल्यास सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या पतहमी निधी न्यासाच्या हमीची विचारणा करावी. १ एप्रिल २०२५ पासून या हमीची मर्यादा १० कोटी रुपयांपर्यंत वाढवलेली आहे.

पंचेचाळीस दिवसांचा कायदा

विकलेल्या मालाचे पैसे उशिरा येणे ही लघुउद्योजकाची जुनी व्यथा आहे. तिची किंमत हिशेबाने पाहू. ६० लाखांची सर्व विक्री ठरलेल्या मुदतीपेक्षा ९० दिवस उशिरा वसूल झाली आणि तो खड्डा १२ टक्के व्याजाच्या कर्जाने भरावा लागला, तर वर्षाला सुमारे १ लाख ७७ हजार रुपये व्याज पडेल. चार वर्षांत ही रक्कम ७ लाखांच्या वर जाते. म्हणजे शासनाने दिलेले संपूर्ण अनुदान चार वर्षांत विलंबाच्या व्याजात संपते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ या प्रश्नाला थेट उत्तर देतो. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेतल्यास लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे. करार नसल्यास ही मुदत १५ दिवसांची आहे. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असे मानले जाते. मुदत उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. बँक दर ६ टक्के धरला तर हे व्याज १८ टक्के होते. वसुलीसाठी राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते आणि ३० ऑक्टोबर २०१७ पासून ‘समाधान’ या संकेतस्थळाद्वारे तसा अर्ज ऑनलाइन दाखल करण्याची सोय सुरू झाली. परिषदेच्या निवाड्यास आव्हान देऊ इच्छिणाऱ्या खरेदीदारास निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते.

वित्त अधिनियम, २०२३ ने या तरतुदीला करकायद्याची जोड दिली. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे उपरोक्त मुदतीत न चुकवल्यास खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यानंतरच मिळते. परिणामी वर्षअखेरीस थकबाकी ठेवणे खरेदीदारास महाग पडू लागले. या तरतुदीची दुसरी बाजूही आहे. मुदतीचे बंधन नको म्हणून खरेदीदार मध्यम किंवा मोठ्या पुरवठादाराकडे वळण्याची शक्यता असते. एकाच खरेदीदारावर अवलंबून असलेल्या लहान उद्योगास कायद्याचा आधार घेणे व्यवहारात अवघड जाते, हे मान्य करावयास हवे. म्हणून खरेदीदारांची संख्या वाढवणे हाही या कायद्याचा लाभ मिळवण्याचा एक मार्ग आहे.

यासोबत ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था जाणून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने चालणाऱ्या या मंचांवर खरेदीदाराने बीजक मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि पुरवठादारास मुदतीपूर्वीच पैसे मिळतात. ७ नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचांवर नोंदणी करणे अनिवार्य झाले; पूर्वी ही मर्यादा ५०० कोटींची होती.

नोंदणी : व्यापारी की उत्पादक?

वरील संरक्षण मिळण्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी महत्त्वाची ठरते. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. सिहोऱ्यातील बहुतेक संभाव्य मटार उद्योग या वर्गात सहज बसतील. परंतु नोंदणी करताना व्यवसायाचा प्रकार काळजीपूर्वक निवडावा. जुलै २०२१ मध्ये किरकोळ व घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी खुली झाली. मात्र त्यांना केवळ प्राधान्यक्षेत्र कर्जाचा लाभ दिला गेला. ४५ दिवसांच्या देयकाचे संरक्षण त्यांना नाही. अनेक प्रक्रियादार आधी मटाराचे व्यापारी असतात. प्रक्रिया सुरू झाल्यावरही नोंदणीत व्यापार हाच प्रकार राहिला, तर थकबाकीच्या वादात तो आड येऊ शकतो.

नोंदणीची वेळही महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मधील एका निकालात, करार करतेवेळी जो या कायद्याखालील पुरवठादार नव्हता त्याला नंतर नोंदणी करून मागील व्यवहारासाठी लाभ मागता येणार नाही, अशी भूमिका घेतली. त्यानंतर या प्रश्नावर न्यायालयात पुन्हा चर्चा झाली असली, तरी पहिले चलन निघण्यापूर्वी नोंदणी पूर्ण करणे हाच सुरक्षित मार्ग होय. नोंदणी क्रमांक प्रत्येक बीजकावर छापावा.

राज्याची सीमा आणि कराची निवड

१ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि जबलपूर त्याच राज्यातील शहर. आज दोहोंच्या मध्ये राज्याची सीमा आहे. सिहोऱ्यातील उद्योजकाला वस्तू व सेवा करात या सीमेचा अर्थ ठाऊक असणे आवश्यक आहे.

ताजा मटार करमुक्त आहे. गोठवलेला मटार मात्र वजन व नाव छापलेल्या पाकिटात भरून विकला की १८ जुलै २०२२ पासून तो करपात्र ठरला. वस्तूंच्या व्यवसायासाठी नोंदणीची उलाढाल-मर्यादा सर्वसाधारणपणे ४० लाख रुपये आहे. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा असल्यास ही सूट लागू होत नाही. पहिल्या विक्रीपासून नोंदणी लागते.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी आपसमेळ योजना, म्हणजे व्यवहारात कंपोझिशन म्हणून ओळखली जाणारी योजना, सोपी वाटते. उत्पादकाला राज्यातील उलाढालीवर १ टक्का कर भरावा लागतो आणि विवरणपत्रेही कमी. तथापि या योजनेतील उद्योजकास राज्याबाहेर माल विकता येत नाही. त्याच्या खरेदीदाराला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि त्यालाही यंत्रे व पाकिटे घेताना भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. जबलपूर-कटनीतील किरकोळ दुकाने हीच ज्याची बाजारपेठ, त्याला ही योजना सोयीची ठरू शकते. नागपूर किंवा हैदराबाद गाठू इच्छिणाऱ्याने मात्र आरंभीच नियमित नोंदणीचा विचार करावा.

उद्योजकांनी काय करावे?

१. प्रकल्प अहवालात यंत्रखर्चाइतकेच महत्त्व खेळत्या भांडवलाला द्यावे आणि महिनावार आवक-जावकेचा तक्ता जोडावा.

२. पहिल्या विक्रीपूर्वी ‘उत्पादन’ या प्रकारात उद्यम नोंदणी करावी.

३. खरेदीदाराशी देयकाची मुदत लेखी ठरवावी. माल पोहोचल्याची सही व तारीख असलेले चलन जपून ठेवावे.

४. मोठ्या कंपनीस माल देताना ती ‘ट्रेड्स’ मंचावर आहे का, याची चौकशी करावी.

५. कराची योजना निवडण्यापूर्वी पुढील दोन वर्षांतील बाजारपेठ ठरवावी. दर व मर्यादा बदलत असल्याने करसल्लागाराकडून खात्री करून घ्यावी.

धोरणकर्त्यांसाठीही यात एक बोध आहे. पिकावर आधारित उद्योगांचे मोजमाप वार्षिक उलाढालीने केले जाते, परंतु पीक मात्र हंगामाने येते. जिल्ह्याचे उत्पादन निवडताना त्याच्या हंगामाला साजेशी कर्जमर्यादाही निवडली गेली, तर अनुदानातून उभी राहिलेली यंत्रे दुसऱ्या-तिसऱ्या हंगामातही चालू दिसतील आणि तोडणीच्या दिवशीच शेंगांचे पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतील.