मृणालताई गोरे : प्रभागातून उभे राहिलेले राजकारण

नळाला पाणी नाही, गटार तुंबले, रेशनवर साखर नाही, रॉकेलसाठी रांग लागली, अशा तक्रारींना आपल्याकडे ‘स्थानिक प्रश्न’ म्हणून बाजूला सारण्याची जुनी सवय आहे. खरे राजकारण म्हणजे धोरण, विचारसरणी, सत्तांतर; बाकीचे सारे समाजकार्य, अशी ही वाटणी असते. त्यातही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका असतील, तर ‘ताई, तुमचं काम छान आहे’ एवढ्यावर कौतुक संपते. मृणाल गोरे यांचे आयुष्य या वाटणीला सरळ छेद देते. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत त्या पोहोचल्या, पण खालचे प्रश्न खाली ठेवून वर गेल्या नाहीत. पाणी, महागाई आणि घर यांच्यामागे कुठला नियम उभा आहे, तो कोणी केला आणि कोणाच्या सोयीसाठी केला, हे त्या विचारत राहिल्या. नागरी प्रश्न हा राजकारणाचा पहिलीतला धडा नसून त्याचा गाभा आहे, हे त्यांच्या कारकिर्दीतून पुराव्यानिशी दाखवता येते.

२४ जून १९२८ रोजी जन्मलेल्या मृणाल मोहिले वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी चळवळीच्या कामात आल्या. १९४८ मध्ये त्यांनी केशव तथा बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोघांनी कामासाठी निवडलेले गोरेगाव त्या वेळी मुंबईत नव्हतेच. तिथे ग्रामपंचायत होती आणि १९५४ मध्ये मृणालताई तिच्यावर निवडून आल्या. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, तसे गोरेगावही महापालिकेत गेले. कर भरायचा तो शहराचा, सोयी मात्र खेड्याच्या, अशी या उपनगरांची स्थिती होती. शहराला लागून वस्त्या वाढत होत्या. जलवाहिन्या त्या वेगाने पुढे सरकत नव्हत्या. १९५८ मध्ये बंडू गोरे वारले. पदरी लहान मुलगी असताना तिशीतल्या मृणालताईंनी काम थांबवले नाही आणि १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून गेल्या. सभागृहात प्रश्न विचारायचा, उत्तर टाळले गेले की त्याच प्रश्नावर बायकांचा मोर्चा पालिकेच्या दारात न्यायचा, आणि मोर्चाने मिळालेले आश्वासन पुन्हा सभागृहात नोंदवून घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना दिले ते या चिकाटीमुळे. रस्त्याने सभागृहाला जाग आणायची आणि सभागृहाने रस्त्यावरच्या आवाजाला कागद मिळवून द्यायचा, हे सूत्र त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

१९७२ चा दुष्काळ आणि त्यामागोमाग आलेली टंचाई या सूत्राची मोठी परीक्षा ठरली. मृणालताई, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते अशा एरवी निवडणुकीत एकमेकींसमोर उभ्या ठाकणाऱ्या पक्षांच्या स्त्रिया महागाईविरोधी संयुक्त महिला आघाडीत एकत्र आल्या. लाटणी घेऊन निघालेले मोर्चे आणि घराघरांतून झालेला थाळीनाद हे त्या काळाचे चित्र आजही सांगितले जाते. पण त्या चित्रापलीकडची बांधणी अधिक महत्त्वाची होती. गोडेतेल किंवा साखर बाजारातून नाहीशी झाली, की साठा कुठे आहे आणि वाटप कोणाच्या हाती आहे याचा जाब या स्त्रिया दुकानदाराइतकाच मंत्र्यालाही विचारत. भाववाढ म्हणजे पावसासारखी आपोआप येणारी गोष्ट नव्हे, ती कोणाच्या तरी निर्णयातून येते, हे चाळीतल्या गृहिणीला कळणे हे त्या आंदोलनाचे सर्वांत मोठे राजकीय शिक्षण होते. त्याच वर्षी मृणालताई विधानसभेवर निवडून गेल्या. आणीबाणीत काही महिने भूमिगत राहून त्यांनी काम केले, मग अटक झाली. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा मुंबईभर झाली. नळावरच्या भांडणातून सुरू झालेले नेतृत्व लोकशाहीच्या प्रश्नापर्यंत पोहोचले होते आणि मतदारांना त्यात काही विसंगत वाटले नाही.

या आंदोलनावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लाटणे हातात घेऊन रस्त्यावर येणारी बाई अखेर स्वयंपाकघराच्या नावानेच बोलत होती. स्वयंपाक तिनेच का करायचा, हा प्रश्न त्या मोर्चांनी विचारला नाही, असे पुढच्या पिढीतल्या स्त्रीवादी कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. ते बऱ्याच अंशी खरे आहे. शिवाय आणीबाणी आली, प्रमुख नेत्या तुरुंगात गेल्या आणि नंतर त्यांतल्या काही संसदेत गेल्या, तशी ही आघाडी ओसरली. परंतु पहिले पाऊल कुठे पडले यावरून प्रवासाचा शेवट ठरवू नये. गोरेगावच्या केशव गोरे स्मारक ट्रस्टमध्ये ‘स्वाधार’ हे पीडित स्त्रियांसाठीचे केंद्र उभे राहिले. १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत गेल्यावर मृणालताईंनी गर्भलिंगचाचणीच्या विरोधात खासगी विधेयक मांडले. बाहेर स्त्री संघटना आणि डॉक्टर-कार्यकर्त्यांचा गट या प्रश्नावर रान उठवत होता. आत त्याला विधिमंडळाची भाषा मिळाली. १९८८ मध्ये महाराष्ट्राने अशा चाचण्यांचे नियमन करणारा कायदा केला. या विषयावरचा तो देशातला पहिला कायदा, आणि १९९४ चा केंद्रीय कायदा त्याच्या मागोमाग आला. साखरेच्या रांगेत संघटित झालेल्या स्त्रियांचे नेतृत्व मुलीच्या जन्माच्या हक्कापर्यंत गेले, तेव्हा ते स्वयंपाकघरात अडकून पडले होते असे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप मध्यमवर्गीय घरांत आजही सर्रास ऐकू येतो. झोपडपट्टीला नळ द्या म्हणणे म्हणजे अतिक्रमणाला बक्षीस देणे; नियमाने राहणाऱ्यांनी कर भरायचा आणि पाणी मात्र दुसऱ्यांनी न्यायचे, असा त्याचा सूर असतो. आक्षेपामागची चीड समजण्याजोगी आहे, तर्क मात्र टिकत नाही. पाणी नाकारल्याने झोपडी उठत नाही. तिथला माणूस टँकरवाल्याकडून किंवा चोरून घेतलेल्या जोडणीवरून पाणी विकत घेतो, अधिकृत दरापेक्षा कितीतरी महाग, आणि तो पैसा पालिकेच्या तिजोरीत न जाता मधल्यांच्या खिशात जातो. म्हणजे नियम पाळल्याचे समाधान कोणालाच मिळत नाही, फक्त एक बेकायदा बाजार उभा राहतो. घराची कायदेशीरता आणि माणसाचे पाणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत, हा मृणालताईंच्या पिढीने रस्त्यावर मांडलेला मुद्दा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मान्य केला. झोपडी अनधिकृत आहे म्हणून तिथल्या रहिवाशाला पाणी नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले, तेव्हा मृणालताईंना जाऊन दोन वर्षे झाली होती.

तिसरा आक्षेप समाजवाद्यांवर नेहमीचाच आहे : आंदोलन करणे सोपे, कारभार करणे अवघड. १९७७ मध्ये मोरारजी देसाईंनी देऊ केलेले आरोग्यमंत्रिपद मृणालताईंनी नाकारले, हे त्यांच्या निःस्पृहतेचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. तटस्थपणे पाहिले तर त्याकडे गमावलेली संधी म्हणूनही बघता येते. आरोग्य खात्यात बसून जे करता आले असते, ते मोर्चाने होत नाही. पण जबाबदारी टाळण्याचा आरोप त्यांच्यावर चिकटत नाही, कारण त्यांनी बांधूनही दाखवले. १९७६ चा नागरी कमाल जमीनधारणा कायदा कागदावर होता. अतिरिक्त जमीन सरकारने ताब्यात घेऊन दुर्बलांच्या घरांसाठी वापरावी हा त्याचा हेतू सवलतींच्या पळवाटांतून निसटत होता. मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद स्थापन केली, अर्ज, न्यायालय आणि मोर्चे या तिन्ही वाटांनी पाठपुरावा केला आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशी परिसरात अल्प उत्पन्न गटातल्या लोकांसाठी सहा हजारांवर घरे उभी केली. मुंबईसारख्या शहरात एवढे काम उभारायला आर्किटेक्ट, बँक, सोसायट्यांची नोंदणी, हप्ते, नकाशे, मंजुऱ्या या सगळ्याशी झुंजावे लागते. तो कारभारच होता, फक्त मंत्रालयाबाहेरून केलेला. पुढे २००७ मध्ये महाराष्ट्राने हा कायदाच रद्द केला, त्यामुळे तो प्रयोग पुन्हा करण्याची वाट बंद झाली. तो एकटा राहिला याचा दोष तो करणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही.

आज मृणालताईंचे स्मरण प्रेरणादायी व्यक्तिमत्त्व म्हणून करणे सोपे आहे आणि म्हणूनच अपुरे आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधील निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यांच्या काळात पंचायतीत किंवा पालिकेत एखाद-दुसरी बाई दिसे. आज हजारो आहेत. तरीही २८८ आमदारांच्या विधानसभेत स्त्रियांचा वाटा दहा टक्क्यांवर गेलेला नाही. नवरा किंवा दीर कारभार पाहतो आणि बाई सही करते, हे त्याचे कारण म्हणून पुढे केले जाते. काही ठिकाणी ते घडते, पण ते कारणापेक्षा लक्षण आहे. पक्ष उमेदवारी देताना बाईमागचे घराणे पाहतात, तिने सोडवलेला प्रश्न पाहत नाहीत. मृणालताईंमागे घराणे नव्हते. त्यांच्यामागे सेवा दलाची संघटना, वस्तीतल्या बायका आणि अभ्यास होता. शिवाय खालची पायरीच काढून घेतली जाते. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपल्यानंतर कित्येक वर्षे निवडणुकीविना प्रशासकाने शहर चालवले, आणि त्या काळात नळाचा प्रश्न सभागृहात विचारणारी नगरसेविकाच नव्हती. आरक्षणाने जागा मिळते. त्या जागेला बळ येते ते वेळेवर निवडणुका झाल्या, प्रभागसभा भरल्या, पालिकेचा हिशेब लोकांना पाहता आला आणि पक्षांनी वस्तीतले काम उमेदवारीची पात्रता मानली तरच. मृणालताईंसारखे नेतृत्व पुन्हा का घडत नाही, असे हळहळून विचारण्यापेक्षा या चार गोष्टींचा आग्रह धरणे अधिक उपयोगाचे आहे.