दोन पाकिटे, दोन उलटी कामे

मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, म्हणजेच कोलोनोस्कोपी, करायचे ठरले की रुग्णाच्या हातात एका पावडरीचे पाकीट पडते. ती पाण्यात विरघळवून दोन ते चार लिटर द्रावण प्यायचे. चव खारट, नकोशी. साहजिकच प्रश्न येतो : आतडे धुवायचेच आहे, तर साधे पाणी का चालू नये?

थोडा हिशोब करून पाहू. प्यालेले पाणी, लाळ, जठररस, पित्त असे सारे मिळून रोज ८ ते ९ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला एक-दीड लिटरच मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि शौचावाटे १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. बाकीचा सगळा शोषला जातो. म्हणजे साधे पाणी कितीही प्यालो तरी ते रक्तात जाणार आणि लघवीवाटे निघणार. आतडे होते तसेच. शिवाय थोड्या वेळात फार पाणी प्याल्यास रक्तातले सोडियम विरळ होते, आणि हे जिवावरही बेतू शकते.

मग न शोषला जाणारा पदार्थ पाण्यात घालावा. मनुका पाण्यात का फुगते हे आपण वर्गात शिकवतो. तेच परासरणाचे तत्त्व इथे लागू पडते. विरघळलेला पदार्थ आतड्यात राहिला, तर पाण्यालाही तो तिथेच धरून ठेवतो. मॅनिटॉल ही शर्करेची भाऊबंद त्यासाठी वापरली जात असे. पण आपल्याला न पचणारे मॅनिटॉल आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि हायड्रोजन तयार होतो. मोठ्या आतड्यातली गाठ विजेच्या तारेने कापताना त्या वायूचा स्फोट होऊन रुग्ण दगावल्याची नोंद १९७९ साली प्रसिद्ध झाली.

पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, अमेरिकेत जॉन फोर्डट्रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजच्या पाकिटाचा मूळ नुसखा मांडला. त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा लांब साखळीचा रेणू आहे. तो शोषला जात नाही, जिवाणूंनाही आंबवता येत नाही. जोडीला क्षार, त्यांत मुख्यतः सोडियम सल्फेट. सल्फेट आतड्यातून फारसे आत जात नाही आणि सोडियमलाही बरेचसे अडवून धरते. द्रावणाची संहती रक्ताइतकीच ठेवलेली, त्यामुळे पाण्याची फारशी ये-जा होत नाही. आतडे जणू नळ बनते.

आता जलसंजीवनीचे पाकीट आठवावे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्याच्या पेशींत शिरते, मागोमाग पाणी. तिथे शोषण हवे, इथे नको! म्हणूनच कोलोनोस्कोपीच्या द्रावणात चवीसाठी साखर किंवा ग्लुकोज घालू नये. थंड करून प्यावे; चव सुसह्य होते.

द्रावणाखेरीज तपासणीच्या आदल्या दिवशी काय प्यावे? पेल्यापलीकडची अक्षरे वाचता येतील असे काहीही : शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा, निवळ सूप. दूध, ताक, गराचे रस नकोत. कोकम सरबत पारदर्शक असले तरी नको, कारण लाल रंग दुर्बिणीतून रक्तासारखा दिसतो. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र हे सारे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते, हे एकच कारण त्याला पुरेसे आहे.

अर्धे द्रावण आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या दिवशी पहाटे, असे सांगितले की रुग्ण कुरकुरतात. झोपमोड होते हे खरेच. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्रव खाली उतरत असतो आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या भागावर त्याचा थर बसतो. त्या भागातल्या काही गाठी चपट्या, भिंतीलगत असतात. पुढे कर्करोगात बदलू शकणारी अशी गाठ त्या थराखाली सहज लपते, आणि तपासणी ‘निर्दोष’ ठरते. पहाटेचे द्रावण धुऊन काढते ते याच थराला. मात्र भुलीमुळे पोटातले पाणी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून, तपासणीपूर्वी निदान दोन तास, किंवा डॉक्टर सांगतील तितका वेळ आधी, सर्व पिणे थांबवायचे असते. तोवर शौचाला केवळ पिवळसर, निवळ पाणी होऊ लागले, तर आतडे तयार झाले असे समजावे.