झोपेचे सरकते घड्याळ

धूलकोटसारख्या खेड्यात गोठा पहाटेच जागा होतो. तिथे उन्हे वर येईतो निजणाऱ्यास कुंभकर्ण म्हणतात. परंतु कारण नेहमी आळसच असते असे नाही. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच संशोधक घड्याळावाचून व सूर्यप्रकाशावाचून सुमारे दोन महिने गुहेत राहिला. त्याची झोपेची वेळ रोज थोडी पुढे सरकत गेली. बहुतेकांच्या शरीरातील घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असते. सकाळचा प्रकाश ते जुळवून घेतो. म्हणून उठण्याची वेळ ठरवावी, उठताच अंगणातील उजेडात यावे आणि रात्री दिवे मंद ठेवावेत. काहींना उपजतच नऊ-दहा तास झोप लागते; ती तोडू नये. मात्र झोप अलीकडेच वाढली असेल, अथवा भरपूर निजूनही गुंगी राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. नुसती दूषणे देऊन हे घड्याळ जुळत नाही.