वेळास : नाना फडणवीसांचे आणि कासवांचे गाव

कोकण पाहायचे म्हटले की आपली पावले गणपतीपुळ्याकडे वळतात. देवदर्शन होते, समुद्रात पाय बुडवले जातात आणि गाडी माघारी फिरते. या खेपेस घरातली सर्व मंडळी घेऊन रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदी उत्तर टोकाला जा. मंडणगड तालुक्यात, बाणकोटच्या खाडीजवळ वेळास नावाचे लहानसे गाव आहे. डोंगराच्या कुशीत घरे, घरांना लागून माडापोफळीची आगरे, आणि थोडे चालून गेले की सुरूचे बन व त्यापलीकडे वाळूचा किनारा. एवढेच गाव, पण शेतकऱ्याने पाहावे आणि विचार करावा असे तिथे पुष्कळ आहे.

पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला, पण भानू घराणे वेळासचे. खाडीपलीकडच्या श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट सिद्दीच्या जाचामुळे घाटावर गेले, तेव्हा भानू बंधू त्यांच्या सोबत निघाले. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि फडणिशी भानूंच्या घरात आली. नाना १८०० साली पुण्यात वारले. वेळासला महालक्ष्मीचे देऊळ आणि नानांचे स्मारक आहे. भैरी-रामेश्वराचे दर्शनही जरूर घ्या.

तिथून जवळच बाणकोटचा किल्ला आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी त्याच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. जांभ्या दगडाची तटबंदी अजून उभी आहे. १७५५ साली हा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचे नाव ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ ठेवले. पेशवाई बुडाल्यावर दक्षिण कोकणचे मुख्य ठाणे काही काळ बाणकोटलाच होते; १८२२ साली ते रत्नागिरीस हलले. वेसवीहून फेरीबोटीने बागमांडल्यास उतरले की हरिहरेश्वरही करता येते.

आता कासवांकडे वळू. ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवीण थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पिलांना ती पुन्हा भेटत नाही. सुमारे ४५ ते ५५ दिवसांनी पिले आपली आपण वर येतात. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, कुत्री-कोल्हीही खात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवांना संरक्षण दिले खरे. पण रात्रीच्या अंधारात किनारा राखायचा तर गावच जागे असावे लागते.

ते काम वेळासला २००२ साली सुरू झाले. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरले, वनखात्याचे साह्य मिळाले. गावातली माणसे पहाटे किनारा फिरून कासविणीचा माग काढतात. अंडी हलक्या हाताने काढून, भरतीचे पाणी पोहोचणार नाही अशा कुंपणाच्या जागेत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवतात. पिले निघाली की सकाळ-संध्याकाळ त्यांना समुद्राकडे सोडतात. हजारात एखादेच पिलू मोठे होते असे अभ्यासक मानतात, म्हणून प्रत्येक घरटे मोलाचे. २०२२ च्या जानेवारीत याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला सोडण्यात आले. तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले.

हा सोहळा पाहायला माणसे येऊ लागली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. पडवीत किंवा माजघरात झोपायचे, घरचे साधे जेवण जेवायचे, ताटात उकडीचे मोदक. भगिनींनो, इथे लक्ष द्या. या पाहुणचाराचे पैसे थेट घरात येतात, आणि ते बहुतेक घरच्या बायकांच्या कष्टाचे असतात. जे अंडे पूर्वी एकदाच खाऊन संपत होते, ते आता राखल्यामुळे दर हंगामाला घरात चार पैसे आणते.

त्याची गरज किती, हे ३ जून २०२० ला कळले. ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आदळले आणि मंडणगड-दापोली भागातल्या बागा आडव्या केल्या. भात बुडाले तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते. पोफळ नव्याने लावली तर फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात, बाणवली माडाला सहा-सात. तोवर घर कशावर चालवायचे? एकाच पिकावर विसंबू नये, हे आम्ही शेतकी खात्यातली माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो. नव्या पोफळीला सावली म्हणून केळ लावा, माड वाढले की त्यांत जायफळ, दालचिनी, मिरी घ्या. पण बागेबाहेरचेही काही उत्पन्न असावे, हे वेळाससारख्या गावाकडून शिकावे. नाहीतर तरुण पोरे मुंबईची वाट धरतात आणि आगर शिंपायला म्हातारी माणसे तेवढी उरतात.

जायचे असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा. पिले रोज निघतातच असे नाही, म्हणून आधी गावात विचारा. पिलांना हात लावू नका, विजेरी व कॅमेऱ्याचा झोत टाकू नका, दोरीच्या आत जाऊ नका. कचरा आपल्या पिशवीत परत आणा. एक रात्र तरी गावातच राहा, म्हणजे तुमच्या खर्चातले काही गावाच्या पदरात पडेल.

आणि परत आल्यावर आपल्या गावाकडे एकदा नीट पाहा. एखादी देवराई, जुने तळे, पडका गढीचा बुरूज, पक्ष्यांचे झाड, काही ना काही असेलच. ग्रामसभेत तो विषय काढा. राखायला कोण तयार आहे ते विचारा, आणि पहिले नाव आपले सांगा.