टेलचा शेतकरी रात्री झोपतो तेव्हा

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावात रात्री सगळ्यात जास्त जागतो तो टेलचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. पाट वरून खाली येतो, वाटेत पंचवीस-तीस वावरं असतात. आपल्या बांधापर्यंत येईतो पाण्याची धार करंगळीएवढी झालेली असते आणि ती तशी का झाली हे अंधारात कळत नाही. खेकड्याने चारी पोखरली असेल, पाणी वाटेत मुरलं असेल, किंवा वरच्या कुणीतरी पायाने मातीचं ढेकूळ हळूच बाजूला सारलं असेल. बहुतेक वेळा पहिली दोन कारणंच खरी निघतात. मनात मात्र तिसरं येतं आणि एकदा आलं की सकाळपर्यंत जात नाही. दुसऱ्या दिवशी पारावर राम राम होतो, पण तो पूर्वीसारखा नसतो.

चंद्रावर किंवा मंगळावर माणसांची वस्ती कशी उभी राहील याचे आराखडे वाचताना मला हा टेलचा शेतकरी आठवतो. त्या वस्तीत पाणी मोजकं, हवा मोजकी, अन्न मोजकं, आणि भांडण झालं म्हणून उठून दुसऱ्या गावाला जायची सोय नाही. पृथ्वी आणि मंगळ यांची ठेवण साधारण २६ महिन्यांनी एकदा सोयीची होते. मधल्या काळात मदत निघू शकत नाही. अशा ठिकाणी हवेची पातळी थोडी घसरली, की ती यंत्रामुळे घसरली की शेजाऱ्यामुळे, हा प्रश्न प्रत्येकाच्या डोक्यात येणारच. हा प्रश्न सोडवायचं शिक्षण जगात कुठे मिळत असेल, तर ते धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी मिळतं, असं माझं ठाम मत आहे. तिथली फड पद्धत तीनशे-चारशे वर्षं जुनी मानली जाते. ती कशी चालते, हे नीट पाहू.

पांझरा साक्री तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. पिंपळनेर, सामोडे, नेर, धुळे असं करत खाली जाते आणि मुडावदजवळ तापीला मिळते. शेजारच्या बागलाणात मोसम आणि आरम या गिरणेला मिळणाऱ्या नद्यांवरही हीच पद्धत वाढली. धुळ्याकडचा पाऊस वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. नदीत दगड-चुन्याचा बुटका बंधारा घालायचा आणि अडलेलं पाणी एका बाजूने पाटात वळवायचं. हा बंधारा म्हणजे धरण नव्हे. त्याच्यामागे वर्षाचा साठा नसतो. नदी आज जेवढं आणील तेवढंच आज वाटायचं. साठा असला की माणूस उद्यावर ढकलतो; इथे तशी सोयच नाही, म्हणून वाटणीची शिस्त रोज पाळावी लागते.

बंधाऱ्यापासून मुख्य पाट काही किलोमीटर चालतो. त्यातून चाऱ्या फुटतात, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी वावरात शिरतं. उरलेलं पाणी सांडमावाटे पुन्हा नदीत जातं आणि खालच्या गावच्या बंधाऱ्याला मिळतं. सांडम म्हणजे जादा पाणी बाहेर काढायची वाट. एका गावाचं उरलेलं हा पुढच्या गावाचा हक्काचा वाटा, हे या साध्या वाटेतूनच ठरलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. बंधाऱ्याखाली भिजणारी सगळी जमीन, म्हणजे पाटस्थळ, तीन किंवा चार मोठ्या तुकड्यांत विभागलेली असते. त्यातला प्रत्येक तुकडा म्हणजे एक फड. एका फडात एका हंगामात एकच पीक. एक फड उसाचा, एक खरिपाचा, एक रब्बीचा, एक पडीक. पुढच्या वर्षी फेर बदलतो. कुठल्या फडात काय घ्यायचं हे हंगामाआधी गाव बसून ठरवतं. आणि गावातल्या पाटस्थळवाल्या शेतकऱ्याची जमीन एका जागी नसते. त्याचा एक तुकडा या फडात, एक त्या फडात, एक तिसऱ्यात.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे गैरसोयीचं वाटतं. नांगर घेऊन चार ठिकाणी कशाला हिंडायचं? पण हिशेब मांडून पाहा. समजा, एका शेतकऱ्याचे चार फडांत दहा-दहा गुंठे आहेत. चांगल्या वर्षी तीन फडांना पाणी पुरलं, त्याचे तीस गुंठे भिजले. वाईट वर्षी नदी लवकर आटली, गावाने दोनच फड भिजवायचे ठरवले, त्याचे वीस गुंठे भिजले. त्याच्या शेजाऱ्याचं, पंचाचं, पाटलाचंही त्याच मापात कमी झालं. कुणाचं पूर्ण बुडालं आणि कुणाचं पूर्ण पिकलं, असं होत नाही. टंचाई आली की पाणी तोडायचं ते माणसाचं नाही, फडाचं. माझ्या मते फड पद्धतीचा प्राण इथेच आहे. 'तू जास्त घेतलंस' म्हणायला जागाच उरत नाही, कारण जास्त घेण्यासाठी स्वतःची वेगळी अशी जागाच कुणाकडे नाही. एका फडात शेवटचा असणारा दुसऱ्या फडात कदाचित वरचा असतो. टेलचं दुःख काय असतं हे बहुतेकांना आपल्याच एखाद्या तुकड्यावरून ठाऊक असतं.

एक फड, एक पीक या नियमाचंही तसंच. सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी, एकाच प्रमाणात लागतं. गव्हाच्या फडात कुणी गुपचूप ऊस लावला तर तो चार फूट वर येऊन गावाला स्वतःच सांगतो. चोरी पकडायला पहारा लागत नाही, रस्त्याने जाणाऱ्या पोराचा डोळा पुरतो.

आणि मग पाटकरी. फडात पाणी देण्याचं काम शेतकरी करत नाही, पाटकरी करतो. तो गावाने नेमलेला असतो आणि त्याची मजुरी फडातल्या क्षेत्राप्रमाणे सगळ्यांवर बसवलेली असते. गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून तो सारंगाचं तोंड फोडतो, वाफा भरताना पाण्याची कड कुठवर सरकली ते बघत राहतो, कड टोकाला पोचायच्या थोडं आधी फावड्याने ओल्या मातीचा गोळा उचलून तोंड बुजवतो आणि पुढच्या वावराचं तोंड उघडतो. आधी बुजवलं तर टोक कोरडं राहतं, उशीर झाला तर पाणी बांधावरून फुकट जातं. दिवसा हे डोळ्याने कळतं, रात्री पाण्याच्या आवाजावरून. ओळीने सगळी वावरं भरत जायची, कुणाचं गाळायचं नाही, पाळी जिथे थांबली तिथून पुढे न्यायची.

शेतकऱ्याने स्वतः चारीला हात लावायचा नाही, हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. पाणी किती चोरलं हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. वाहून गेलेल्या पाण्याची खूण राहत नाही. पण रात्री फावडं घेऊन चारीपाशी कोण उभं होतं, हे सांगता येतं. गुन्हा पाणी घेण्याचा न ठेवता चारीला हात लावण्याचा ठेवला की अर्धी भांडणं पुराव्याअभावी कुजत पडत नाहीत.

पाटकऱ्यासोबत जागल्या असतो. तो पिकांची राखण करतो, गुरं शिरू देत नाही. या दोघांवर देखरेख करायला हवालदार, आणि हवालदाराच्या वर पंच. बंधाऱ्याची डागडुजी आणि पाटातला गाळ काढणं हे जमिनीच्या प्रमाणात सगळ्यांच्या अंगावर. जो येणार नाही त्याला दंड. पंचांवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न इथे फारसा पडत नाही, कारण पंचांचे तुकडेही त्याच फडांत असतात. त्यांनी वाईट निर्णय घेतला तर त्यांचंही वावर सुकतं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक पाणी, कुरणं, जंगलं लोक शतकानुशतकं कशी सांभाळतात, हा त्यांचा विषय. स्पेनमधल्या वलेन्सियाचे पाट, फिलिपिन्समधले पाट यांच्या अभ्यासातून १९९० च्या पुस्तकात त्यांनी जे नियम काढले, त्यात हेच आहे: देखरेख करणारा वापरणाऱ्यांना उत्तरदायी हवा, शिक्षा लहानापासून सुरू व्हावी, नियम बदलायचा हक्क नियम पाळणाऱ्यांकडे हवा. पांझरेकाठच्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही.

ही रचना नसली तर काय होतं, याचं उदाहरणही आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात 'बायोस्फिअर २' नावाची काचेची बंदिस्त सृष्टी उभारली गेली. क्षेत्र सुमारे सव्वा हेक्टर. २६ सप्टेंबर १९९१ ला चार पुरुष आणि चार स्त्रिया आत गेल्या आणि दोन वर्षं आतच राहिल्या. परग्रहावरच्या वस्तीची ती रंगीत तालीम होती. शेती, मासे, शेळ्या, सगळं आत. हळूहळू आतल्या हवेतला प्राणवायू कमी होऊ लागला. बाहेर तो जवळपास २१ टक्के असतो. आत सोळा महिन्यांत तो सुमारे १४ टक्क्यांवर आला. माणसं जिना चढताना धापा टाकू लागली. कारण बराच काळ कळेना. शेवटी उलगडलं ते असं: शेतीसाठी आत भरलेल्या कसदार मातीतले जिवाणू प्राणवायू खात होते, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साईड नव्या काँक्रीटच्या भिंतींत मुरत होता. चोर मातीत आणि भिंतीत होता. १९९३ च्या जानेवारीत बाहेरून प्राणवायू सोडावा लागला.

तोवर आठ जणांचे चार-चारचे दोन तट पडले होते. अन्न अपुरं होतं, सगळ्यांची वजनं घटली होती. केळ्यांच्या साठ्याला कुलूप लावण्याची पाळी आली होती. जळगावच्या वाचकाला, ज्याच्या दारात केळीचे घड ट्रक भरून जातात, हे वाचून कसंतरी होईल. सुरुवातीच्या दिवसांतच एका सदस्येचं बोट मळणीच्या यंत्रात सापडलं, ती काही तास बाहेर जाऊन उपचार घेऊन परतली, आणि तिच्याबरोबर आत गेलेल्या एका पिशवीवरून बाहेरच्या जगाने संशय घ्यायला सुरुवात केली. आत कार्बन डायऑक्साईड शोषणारं यंत्र बसवलं आहे ही गोष्ट आधी सांगितली नव्हती, ती उघड झाल्यावर उरलासुरला विश्वासही गेला. ही माणसं वाईट नव्हती. दोन वर्षं त्यांनी उपाशीपोटी शेती केली, दोन तट पडूनही कामं थांबवली नाहीत. पण निर्णय बाहेर बसलेल्यांच्या हातात होते, त्यांतल्या कुणाचं वावर त्या फडात नव्हतं, आणि आतल्यांना धड खरं काय ते कळत नव्हतं.

यंत्रांची बाजू तेव्हापासून पुष्कळ पुढे गेली. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम, उच्छ्वास आणि लघवी मिळून ९८ टक्के पाणी परत पिण्याजोगं करण्याची मजल २०२३ साली गाठली गेली. माणसांची बाजूही तपासली जाते आहे: ह्यूस्टनमध्ये चार जण मंगळावरच्या घराच्या नमुन्यात ३७८ दिवस राहून २०२४ च्या जुलैमध्ये बाहेर आले. चार जणांत नियम कमी लागतात. चारशे माणसांची वस्ती झाली की पाटकरी लागेल. मला तिथे फडाची मांडणी स्पष्ट दिसते. प्रत्येक कुटुंबाचा वाटा प्रत्येक हरितगृहात, थोडाथोडा. झडपेला हात फक्त नेमलेल्या माणसाचा. हवेचा नि पाण्याचा आकडा सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. तूट आली की एक आख्खं हरितगृह बंद, सगळ्यांचं सारखं कमी. आणि निर्णय घेणारे त्याच हवेत श्वास घेणारे.

फड पद्धत मोडली कशी, हेही सांगायला हवं, कारण तिचा नाजूकपणा तिथे दिसतो. बांधावर विहिरी झाल्या, विहिरींवर विजेचे पंप बसले. ज्याच्याकडे विहीर आली त्याला पाटाचा गाळ काढायला जायची निकड राहिली नाही. जमिनी विकल्या गेल्या. नव्या मालकाचा तुकडा एकाच फडात, त्याला बाकीच्या फडांशी देणंघेणं नाही. वरच्या अंगाला धरणं झाली आणि नदीचं रोजचं पाणी सरकारी वेळापत्रकाने येऊ लागलं. पाटकऱ्याची मजुरी थकली. आधी कुणी चोरी केली म्हणून हे झालं नाही. काही लोकांना इतरांची गरज उरली नाही, तिथून सैल पडत गेलं. काही गावांनी तरीही फड चालवत ठेवले, त्यांचं मला खरोखर कौतुक वाटतं. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला, पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली. गावाने फडात जे केलं होतं ते कायद्याच्या भाषेत परत आणण्याचाच तो प्रयत्न.

विहिरीचं पाणी डोळ्यांना दिसत नाही, ही मोठी अडचण आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात भूजल वर्षानुवर्षं खोल गेलं आहे. शेजाऱ्याने नवी कूपनलिका घेतली म्हणून माझी आटली की पाऊस कमी झाला म्हणून, हे बांधावर उभं राहून सांगता येत नाही. जमिनीखालच्या त्या पाण्याला फड नाहीत, पाटकरी नाही. ठिबकने थेंब वाचतो, पण वाचलेला थेंब कुणाचा, हे ठिबक सांगत नाही.

आज धुळ्या-जळगावात पंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की शेतकरी बॅटरी घेऊन उठतो, सापाच्या भीतीने काठी आपटत विहिरीवर जातो, मोटर सुरू करतो आणि पाणी तुटेपर्यंत एकटा बसतो. फड नीट चालत असताना टेलचा शेतकरी त्या वेळी घरी झोपलेला असायचा. त्याच्या वावराचं तोंड पाटकरी उघडायचा, पाटकरीच बुजवायचा. सकाळी बांधावर येऊन तो चप्पल काढायचा आणि माती टोकापर्यंत ओली आहे का, ते पायाने बघायचा.