सावली एक, अर्थ दोन

मेंदूतील गाठीवर शस्त्रक्रिया झाली, सहा आठवड्यांचे किरणोपचार आटोपले, गोळ्यांचा क्रम सुरू झाला, की रुग्णाच्या घरच्यांना संकट टळल्यासारखे वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काही महिन्यांनी काढलेल्या एमआरआयमध्ये जुन्या जागी पुन्हा पांढरी सावली उमटते आणि घर हादरून जाते. वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंगच्या कुटुंबावर असा प्रसंग आला, तर त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : ही सावली कशाची, आणि तिचा उलगडा करून घ्यायला जायचे कोठे?

पहिला प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मेंदूतील रक्तवाहिन्यांभोवती निसर्गाने एक तटबंदी घातलेली आहे. तपासणीच्या वेळी शिरेतून दिलेले औषध ही तटबंदी जेथे ढासळली असेल तेथे झिरपते व चित्रात ती जागा उजळते. वाढणारी गाठ हा तट मोडते. पण किरणांनी होरपळलेल्या ऊतकातही तो मोडतोच. म्हणजे शत्रू परतला तरी सावली तीच, आणि शत्रूचा नाश होताना रणभूमी पोळली तरी सावली तीच! किरणोपचारानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढीचा असा आभास पुष्कळदा होतो. ऊतकांची मृतावस्था मात्र कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही प्रकट होते. म्हणूनच मेंदूतील घातक गाठींच्या बाबतीत तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१० साली एक दंडक घातला. उपचारानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत, किरण दिलेल्या क्षेत्राबाहेर नवी वाढ दिसली किंवा ऊतक तपासणीत गाठ सिद्ध झाली, तरच रोग वाढला असे मानावे, असा तो दंडक होय.

या निदानात चूक झाली तर तिची किंमत रुग्णालाच मोजावी लागते. आभासाला गाठ समजले, तर गुणकारी ठरत असलेले औषध बंद होते, कदाचित कवटी पुन्हा विनाकारण उघडली जाते. गाठीला आभास समजले, तर हाती असलेले थोडके दिवस वाया जातात.

येथेच संयुक्त प्रतिमांचे महत्त्व पटते. एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. त्याच यंत्राच्या अन्य तपासण्यांतून त्या जागीचा रक्तपुरवठा व रासायनिक घडण यांचा अंदाज येतो. वाढत्या गाठीत नव्या रक्तवाहिन्यांचे जाळे असते, मृत ऊतकात सहसा ते नसते. पेट तपासणीत किरणोत्सर्गी अणू जोडलेला पदार्थ देऊन पेशींचा व्यवहारच पाहिला जातो. शर्करेसारखा पदार्थ मेंदूसाठी तितकासा उपयोगी पडत नाही, कारण निरोगी मेंदूच शर्करेचा मोठा ग्राहक आहे. त्या उजेडात गाठ हरवून जाते. अमिनो आम्लापासून बनवलेला पदार्थ निरोगी मेंदू कमी घेतो, गाठ अधिक घेते. पेटचे चित्र सीटी वा एमआरआयवर बसवले, म्हणजे कोठे आणि काय या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळतात. अर्थात हीही तपासणी निर्दोष नव्हे. संशय उरलाच तर ऊतकाचा तुकडा तपासणे किंवा काही आठवड्यांनी पुन्हा चित्र काढणे भाग पडते.

ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. परळच्या विकिरण औषध केंद्रात २००२ साली वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला, आणि टाटा स्मारक रुग्णालयात २००४ साली देशातील पहिले पेट-सीटी यंत्र आले. तथापि या पदार्थांचे आयुष्य अल्प असते. कार्बनच्या समस्थानिकाचे तेज २० मिनिटांत निम्मे होते, म्हणून तो सायक्लोट्रॉनच्या आवारातच वापरावा लागतो. फ्लोरीनच्या समस्थानिकाला ११० मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात अनसिंगची एसटी नागपूर गाठत नाही. तेव्हा असे यंत्र गावोगाव बसवावे ही मागणी वास्तवाला धरून होणार नाही. रुग्णालाच मोठ्या शहरी जावे लागणार.

पण रुग्ण जातो तेव्हा त्याच्या हाती काय असते, हे आपल्या हाती आहे. सावलीचा अर्थ मागच्या सावलीशी ताडूनच लावता येतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चित्र, किरण कोठे व किती दिले त्याचा आराखडा, औषधांच्या तारखा, यांविना उत्तम यंत्रही अर्धे आंधळे ठरते. नुसता छापील अहवाल पुरत नाही. मूळ चित्रांची तबकडी रुग्णाला मागावी न लागता मिळाली पाहिजे, आणि घरच्यांनी ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी जपली पाहिजे. २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यामुळे दूरस्थ तज्ज्ञांना एकाच रुग्णाची चित्रे एकत्र पाहून मत देता येते. जिल्हा रुग्णालयांनी त्याचा लाभ घ्यावा.

वाशीमचा समावेश २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. तेथील रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा व किरणोपचारांचा हिशेब शासकीय योजना मांडतात, तसाच पुढील तपासण्यांचा आणि त्यांसाठीच्या प्रवासाचाही मांडला जावा. शेवटची गोळी घेतल्याने उपचार संपत नाहीत. सावलीचा अर्थ कळेपर्यंत ते चालूच असतात.