भ्यालेला पैलवान हरतोच असं नाही

कुठल्याही जिल्हा स्पर्धेत वजनं झाली की मॅटच्या मागच्या कोपऱ्यात थोडा वेळ उभं राहून बघा. एक पोरगा तिसऱ्यांदा लघवीला जाऊन येतो. दुसरा भिंतीला टेकून जांभया देतोय. तिसऱ्याचे हात बर्फासारखे गार, ओठ कोरडे, आणि पाण्याची बाटली हातात असून पीत मात्र नाही. शेजारी उभा असलेला कुणी तरी जाणकार लगेच निकाल लावून मोकळा होतो: ‘हा घाबरलाय. गेली ही कुस्ती.’ कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, कराटे या सगळ्याच झुंजीच्या खेळांत लढतीआधीच्या मनःस्थितीबद्दल असे पुष्कळ झटपट निकाल लावले जातात. त्यातले बरेचसे चुकीचे असतात.

गैरसमज: पोटात गोळा आला म्हणजे पैलवान भ्याला, आणि भ्याला म्हणजे हरला.

आधी शरीराचं बघू. समोर झुंज आहे हे कळताच शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. ठोके वाढतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून हात गार पडतात. पचन मंदावतं, लाळ कमी सुटते. पोटातला गोळा आणि कोरडा घसा यांचं मूळ तेच. तणावाखालच्या जांभईचा झोपेशी किंवा आळसाशी संबंध नसतो. विमानातून उडी मारायच्या आधी छत्रीधारी सैनिकही जांभया देताना दिसतात. ज्युदोपटूंच्या अभ्यासांत कोर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक लढत सुरू होण्याआधीच चढलेलं आढळलं आहे. हे सगळं जिंकणाऱ्याच्या शरीरातही घडतं.

भीतीचं म्हणाल तर मुष्टियोद्धा माइक टायसनचं उदाहरण पुरे आहे. १९८२ च्या ज्युनियर ऑलिंपिक स्पर्धेतलं एक चित्रण उपलब्ध आहे. लढतीआधी हा धिप्पाड पोरगा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलसच्या खांद्यावर डोकं ठेवून रडतोय. ती स्पर्धा त्यानंच जिंकली. पुढे तो जगज्जेता झाला, तेव्हाही रिंगकडे जाताना भीती वाटते हे त्यानं कधी लपवलं नाही.

ब्रिटिश क्रीडा मानसशास्त्रज्ञ ग्रॅहम जोन्स यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली: तुला किती धडधडतंय ते ठीक, पण ही धडधड तुला मदतीची वाटते की अडचणीची? सारखीच धडधड असलेल्या दोन खेळाडूंची उत्तरं वेगळी येत. वरच्या दर्जाचे खेळाडू तिला बहुधा मदतीची मानत.

गैरसमज: ताण मध्यम असावा. कमी नको, जास्त नको.

ऐकायला समंजस वाटतं, आणि प्रशिक्षकांच्या शिबिरांत ताण आणि कामगिरीची घुमटाकार रेघ हमखास फळ्यावर निघते. तिचा उगम सांगितला तर मात्र हसू येईल. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांना विजेचे झटके देऊन काळी आणि पांढरी पेटी ओळखायला शिकवलं. तो प्रयोग शिकण्यावर होता. झुंजीचा त्यात संबंध नव्हता आणि खेळाडू तर एकही नव्हता. ती रेघ माणसांना आणि मैदानाला लावली ती नंतरच्या लोकांनी.

खेळाडूंकडे नीट पाहिलं ते क्रीडा मानसशास्त्रज्ञ युरी हानिन यांनी. १९७० च्या दशकात लेनिनग्राडमध्ये काम करताना त्यांच्या लक्षात आलं की काही जण भरपूर ताणाखालीच चमकतात, काही जण अगदी थंड असताना, आणि काही जण मधल्या पातळीवर. म्हणजे प्रत्येकाचा पट्टा वेगळा. पुढे त्यांनी ताणासोबत राग, उत्साह, समाधान, अस्वस्थता याही भावना त्यात घेतल्या. त्यांचा मुद्दा असा की भावना चांगली किंवा वाईट अशी नसते. ती या खेळाडूचं या लढतीत काय करते ते बघायचं.

ही पद्धत तालमीत वापरायला काहीच खर्च नाही. पैलवानानं एक वही घ्यावी. आयुष्यातली सगळ्यांत चांगली कुस्ती आठवावी आणि त्या दिवशी शड्डू ठोकायच्या आधी कसं वाटत होतं ते स्वतःच्याच शब्दांत लिहावं: ‘पेटलो होतो’, ‘डोकं गप्प होतं’, ‘पायाला मुंग्या’. मग सगळ्यांत वाईट कुस्तीचंही तसंच. दहा-बारा लढतींची नोंद झाली की आपला पट्टा दिसू लागतो. शब्द वस्तादांनी पुरवू नयेत, एवढं पथ्य पाळावं.

गैरसमज: राग आला की ताकद दुप्पट. / रागावलेला पैलवान हरतो.

दोन्ही म्हणी तालमीत एकाच दिवशी ऐकू येतात. १९९५ मध्ये टेरी आणि स्लेड या संशोधकांनी कराटेपटूंची मनःस्थिती स्पर्धेआधी मोजली. जिंकणाऱ्यांत जोम जास्त, तर गोंधळ, थकवा आणि खिन्नता कमी होती. यात नवल नाही. पण राग जिंकणाऱ्यांत जास्त होता. हानिन आणि माँत्से रुईस यांनी पुढे कराटेपटूंशीच बोलून तपासलं, तर त्यांच्या उत्तम लढतींतही राग होता आणि वाईट लढतींतही. फरक एवढाच की उत्तम लढतीत तो राग कामाला जुंपलेला होता.

कुस्तीत हे डोळ्यांनी दिसतं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात एका गुणानं मागे असलेला पैलवान रेटा देत प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर काढतो, तेव्हा राग उपयोगी पडतो. तोच राग पहिल्या खडाखडीत चढला तर नजर आक्रसते. समोरच्याचा गुडघा दिसतो, त्याचे हात दिसत नाहीत. मग लांबून पटात घुसायचं आणि उलटा डाव खायचा. २८ जून १९९७ ला तिसऱ्या फेरीत टायसननं प्रतिस्पर्धी इव्हँडर होलीफिल्डचा कान चावला आणि स्वतःच बाद झाला. रागाची दुसरी बाजू यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

गैरसमज: दोन ठेवून दिल्या की पोरगा जागा होतो.

टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीची ज्युदोपटू मार्टिना ट्रायडोस मॅटवर जाण्याआधी तिच्या प्रशिक्षकानं तिला गदागदा हलवून दोन्ही गालांवर चापट्या मारल्या. जगभर आरडाओरड झाली, ज्युदो महासंघानं प्रशिक्षकाला ताकीद दिली. ट्रायडोसनं खुलासा केला की हा आमचा नेहमीचा विधी आहे आणि तो मीच मागून घेतला आहे. ती लढत ती हरली, पण मुद्दा तो नाही. ती प्रौढ होती आणि तिनं स्वतः मागितलं होतं. चौदा वर्षांच्या पोरानं काहीही न मागता त्याला मारणं ही निव्वळ मारहाण आहे, त्याला मानसशास्त्राचं नाव देऊ नये.

गैरसमज: मनःस्थिती म्हणजे फक्त मनाचा मामला.

इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण चिडचिड, गोंधळ, रडू या गोष्टींचं खापर ‘कच्च्या मनावर’ फुटतं आणि दोष असतो उतरवलेल्या वजनाचा. झपाट्यानं वजन उतरवलेल्या कुस्तीगिरांच्या अभ्यासांत ताण, राग, थकवा आणि गोंधळ वाढलेला, जोम घटलेला आणि तात्पुरती स्मरणशक्तीसुद्धा मंदावलेली आढळली आहे. उपाशी, तहानलेल्या मेंदूला डावाचा प्रतिडाव वेळेवर आठवत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट रात्रभर वजन उतरवूनही अंतिम फेरीच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरल्यानं बाद झाली. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतनं एका रात्रीत साडेचार किलोंहून जास्त वजन उतरवून कांस्य मिळवलं. अमनचा दाखला देऊन पोरांना रात्रभर पळवणाऱ्यांनी विनेशची रात्रही आठवावी.

गैरसमज: मॅटवर जाताना जी मनःस्थिती, तोच निकाल.

तिचा परिणाम होतो, पण तोलामोलाची जोड असेल तेव्हाच तो निर्णायक ठरू शकतो, आणि लढतीत मनःस्थिती बदलतही जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाच्या लढतीत साक्षी मलिक ०-५ अशी मागे होती. तिनं ती लढत ८-५ अशी जिंकून कांस्य मिळवलं.

तेव्हा वस्तादांनो, लढतीआधी ‘घाबरू नकोस’ म्हणण्याऐवजी पोराला पहिला डाव कुठला ते विचारा आणि बाजूला व्हा. मात्र स्पर्धा संपून आठवडे गेले तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तालमीचं नाव काढताच छातीत धडधडत असेल, तर ती लढतीआधीची हुरहूर नव्हे. त्यासाठी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.